मन दुभंगते तेव्हा गीता कशी वाचावी

गीता बहुधा भलत्याच वेळी आणि भलत्याच पद्धतीने उघडली जाते. मन दोन्हीकडून ओढले जात असते, झोप उडालेली असते, आणि माणूस कपाटातली प्रत काढून मधलेच एखादे पान वाचू लागतो. तिथे आत्म्याचे अमरत्व सांगितलेले असते, किंवा यज्ञाचे प्रकार. आपला प्रश्न मात्र असतो वडिलांना गावी एकटे ठेवायचे की नोकरी सोडायची, या कागदावर सही करायची की नाही. दोहोंचा मेळ बसत नाही आणि पुस्तक परत फळीवर जाते. कोकणात देवाला कौल लावतात. उजवा-डावा प्रसाद मिळतो आणि त्या घटकेपुरता प्रश्न सुटतो. गीतेला असा कौल लावता येत नाही. ती १८ अध्यायांचा, ७०० श्लोकांचा एक सलग संवाद आहे. एका माणसाचे मन मोडते तिथून तो सुरू होतो आणि तोच माणूस स्वतः निर्णय घेतो तिथे संपतो. मधल्या पायऱ्या ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने चढाव्या लागतात.

त्या पायऱ्या नीट दिसाव्यात म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातली पतसंस्था. तिथला हिशेबनीस चाळिशीचा. त्याला नोकरी दिली ती चेअरमननी, ज्यांना तो अण्णा म्हणतो. बहिणीच्या लग्नात अण्णाच उभे राहिले, वडिलांच्या आजारपणात गाडी त्यांचीच धावली. आता त्याला दिसते आहे की अण्णांच्या नातेवाइकांची पाच-सहा कर्जप्रकरणे पुरेशा तारणाशिवाय मंजूर झाली, थकली आणि दरवर्षी नवे-जुने करून कागदावर जिवंत ठेवली गेली. महिन्याभरात ऑडिट आहे. अण्णा म्हणतात, यादीवर सही कर, मी बघून घेतो. दुसऱ्या बाजूला ठेवीदार आहेत : निवृत्त शिक्षक, भाजीवाल्या, रोज पिग्मी भरणारे चहावाले. अर्जुनापुढे भीष्म आणि द्रोण उभे होते, म्हणजे ज्यांनी वाढवले आणि शिकवले तेच समोरच्या बाजूला होते. हिशेबनिसाचा पेच लहान असला, तरी त्याच घडणीचा आहे.

आधी पेचाची जात ओळखा

मनातल्या सगळ्याच झगड्यांना एक औषध लागू पडत नाही. ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला, काय बरोबर आहे ते माहीत असते, पण मन तिकडे वळत नाही. कठोपनिषदात यम नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांचा भेद सांगतो : हिताचे एक आणि आवडीचे दुसरे, दोन्ही माणसासमोर येतात आणि निवड करावी लागते. दारू सोडणे, उधळपट्टी थांबवणे, अभ्यासाला बसणे हे झगडे या जातीचे. दुसरा प्रकार खरे धर्मसंकट. दोन्ही बाजूंना कर्तव्यच उभे असते आणि एक पाळले की दुसरे मोडते. तिसरा प्रकार शोकाचा. त्यात ठरवायचे असे काही उरलेलेच नसते, फक्त सोसायचे असते. तरीही मन ‘असे केले असते तर’ म्हणत फिरत राहते.

गीतेत तिन्हींसाठी वेगवेगळ्या जागा आहेत. इच्छा नसताना माणूस वाईटाकडे कसा ढकलला जातो, हा प्रश्न अर्जुन तिसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे विचारतो. मन वाऱ्यासारखे आवरत नाही ही तक्रार सहाव्यात करतो. पहिल्या प्रकारच्या माणसाने तिथे जावे. शोकात असलेल्याने दुसऱ्या अध्यायाचा ११ ते ३० हा भाग वाचावा. धर्मसंकटात सापडलेल्याला दुसरा, तिसरा आणि अठरावा अध्याय जास्त उपयोगी. आपला हिशेबनीस वरवर दुसऱ्या प्रकारात बसतो : एकीकडे उपकारांची जाण, दुसरीकडे ठेवीदारांचा विश्वास. पण नोकरी जाण्याची भीतीही त्यात मिसळलेली आहे, म्हणजे पहिल्या प्रकाराचाही अंश आहे. बहुतेक पेच असे भेसळीचे असतात. भेसळ ओळखणे हेच पहिले काम.

पहिला अध्याय वगळू नका

पहिला अध्याय पुष्कळ जण वगळतात, कारण त्यात कृष्ण तत्त्वज्ञान सांगतच नाही. तिथे योद्ध्यांची नावे आहेत, शंखांची नावे आहेत आणि अर्जुनाचे रडणे आहे. तरी त्या अध्यायाला नाव मिळाले ते अर्जुनविषादयोग. खिन्नतेलाही योगाचा दर्जा दिला गेला आहे.

अर्जुन काय काय बोलतो ते सावकाश पाहावे. आधी शरीराचे सांगतो : गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, कापरे भरले, अंगाचा दाह होतो आहे, धनुष्य हातात राहत नाही, मन भिरभिरते आहे. मग अपशकुन दिसतात. मग युक्तिवाद येतात : स्वजनांना मारून मिळालेले राज्य काय कामाचे, कुळाचा नाश झाला की कुळधर्म बुडतो, पितर उपाशी राहतात, नरक मिळतो. शेवटी तो धनुष्यबाण टाकून रथात बसून राहतो. एवढा वेळ कृष्ण मध्ये बोलत नाही.

इथली पायरी सोपी आहे, पण ती गाळली की पुढचे काही लागू पडत नाही. आपल्या मनातले सगळे, क्रम न लावता आणि शोभेल की नाही याचा विचार न करता, कागदावर उतरवायचे. हिशेबनीस लिहील : अण्णा तुरुंगात गेले तर त्यांच्या बायकोला तोंड कसे दाखवू. सगळेच करतात. पतसंस्था बुडाली तर दोष माझ्यावर येईल. पोराची फी कोण भरेल. रात्री छातीत धडधडते. यात धर्म, भीती, लाज आणि शरीर सगळे एकत्र आहे. आत जे एकच ओझे वाटत होते ते कागदावर आल्यावर सुटे दिसते.

दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला आणखी एक गंमत आहे. कृष्णाचे पहिले उत्तर म्हणजे चक्क दटावणी आहे : हे तुला शोभत नाही, ऊठ. दोन श्लोकांची ही दटावणी वाया जाते. अर्जुन पुन्हा तेच म्हणणे मांडतो. मन मोडलेल्या माणसाला ‘धीर धर, असे काय करतोस’ म्हणून चालत नाही, हे प्रत्यक्ष कृष्णाच्या वाट्यालाही आले आहे.

आपलेच युक्तिवाद तपासा

अर्जुनाचे मुद्दे ऐकायला चांगले आहेत. युद्ध नको म्हणणारा माणूस शहाणाच वाटतो. मग अडचण कुठे आहे? विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली आणि ती ‘गीता प्रवचने’ म्हणून प्रसिद्ध झाली. पहिल्याच प्रवचनात ते एका न्यायाधीशाचे उदाहरण देतात. शेकडो गुन्हेगारांना त्याने फाशी दिलेली असते. एके दिवशी त्याचाच मुलगा खुनी म्हणून समोर येतो आणि न्यायाधीशाला अचानक फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. तो जे बोलतो ते एरवी विचार करण्याजोगे असेल, पण त्या क्षणी त्याच्या तोंडून ते तत्त्व बोलत नसते, ममता बोलत असते. अर्जुनाने त्याआधी युद्धे केलीच होती. हरकत आठवली ती समोर आपली माणसे दिसल्यावर.

यातून एक चाचणी हाती येते : माझी माणसे यात नसती, तर हाच मुद्दा मी मांडला असता का? शेजारच्या तालुक्यातल्या पतसंस्थेत असे प्रकरण निघाले असते तर ‘सगळेच करतात’ असे हिशेबनीस म्हणाला असता का? उत्तर नाही असेल तर तो मुद्दा यादीतून खोडायचा. मुद्दा खोडला तरी भावना खोडायची नाही. ज्ञानेश्वरांनी इथे भुंग्याचा दाखला दिला आहे : कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो, कारण तिथे त्याच्याने पाकळी चिरवत नाही. माणसाला कठीण गोष्टी फारशा अडवत नाहीत. अडवतात त्या कोवळ्या, आणि त्या अडवतात यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

विचारावे कसे आणि कोणाला

संवाद खऱ्या अर्थाने वळतो तो दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात. माझी बुद्धी चालेनाशी झाली आहे, मी तुझा शिष्य आहे, मला शिकव, असे अर्जुन म्हणतो. इथपर्यंत तो आपला निर्णय पटवून देत होता. आता तो विचारू लागतो. उपदेश सुरू होतो तो यानंतर, ११व्या श्लोकापासून. सल्ला मागायला जाणारे पुष्कळ जण मनातून होकार मागायला गेलेले असतात. त्यांना कोणीच काही देऊ शकत नाही.

मग कोणाला विचारावे? तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जे सांगतात त्यात याचे थेट उत्तर आहे. कृतीबद्दल किंवा वागण्याबद्दल शंका आली, तर जवळपास जे विचारी, कामात मुरलेले, दुसऱ्याच्या तंत्राने न चालणारे, मनाने रुक्ष नसलेले आणि धर्माची चाड असलेले जाणते लोक असतील ते अशा प्रसंगी कसे वागतील ते पाहावे. मुळात हे जाणते म्हणजे त्या काळचे ब्राह्मण आहेत. आज जातीची अट गळून पडली तरी गुणांची यादी कामाची राहते. नुसता विद्वान चालत नाही, नुसता कडक माणूसही चालत नाही. तेच आचार्य असेही बजावतात की आमची जी कृत्ये चांगली असतील तेवढीच घ्या, बाकीची घेऊ नका. गुरूवरही डोळे मिटून विश्वास टाकायला सांगितलेले नाही.

अर्जुनही डोळे मिटत नाही. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो कृष्णावरच घसरतो : तू एकदा ज्ञान श्रेष्ठ म्हणतोस, मग या घोर कर्मात मला का ढकलतोस, गोंधळात टाकणारे बोलू नकोस. ज्ञानेश्वरांनी ही तक्रार मोठ्या रंगात फुलवली आहे. त्यांचा अर्जुन म्हणतो की वैद्यच विष देऊ लागला तर रोग्याने जगायचे कसे. पाचव्या अध्यायात तो पुन्हा तेच विचारतो, सहाव्यात शंका काढतो, अठराव्यापर्यंत विचारत राहतो. ज्या मार्गदर्शकाला प्रश्न खपत नाहीत त्याच्याकडून उठून यावे, एवढे गीतेच्या रचनेवरूनच कळते.

मनाचा कौल हाही एक आधार आहे, पण त्याची जागा ठरलेली आहे. मनुस्मृतीत धर्माच्या खुणा सांगताना वेद, स्मृती आणि सज्जनांचा आचार यांच्यानंतर आपल्या मनाचे समाधान येते. ‘आतला आवाज’ आधी घेतला तर काय होते याचे मजेशीर उदाहरण कालिदासाच्या शाकुंतलात आहे. शंकेच्या जागी सज्जनाच्या अंतःकरणाचा कल प्रमाण मानावा असे दुष्यंत म्हणतो, आणि म्हणतो ते शकुंतलेवर मन जडल्यावर.

उत्तराचा गाभा : वाट्याला आलेले काम आणि हातात नसलेले फळ

आता उपदेशाकडे येऊ. पेचात सापडलेल्या माणसाला त्यातल्या दोन गोष्टी सर्वांत जवळच्या आहेत.

पहिली स्वधर्म. दुसऱ्याचे काम कितीही चांगले करता आले तरी आपले, उणे का असेना, बरे. या शब्दाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. अठराव्या अध्यायात वर्णांची कर्मे सांगितली आहेत, आणि गीता चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार पुरवते हा डॉ. आंबेडकरांचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असाच आहे. आजच्या वाचकाने स्वधर्म म्हणजे जन्माची जात असे न धरता, या क्षणी या जागेवर असल्यामुळे माझ्यावर आलेली जबाबदारी असे धरावे. हिशेबनिसाची जबाबदारी रोजकीर्द आणि खतावणी खरी ठेवण्याची आहे. अण्णांना शिक्षा देणे हे त्याचे काम नाही, ते कायद्याचे आहे. अण्णांना वाचवणे हेही त्याचे काम नाही.

दुसरी फळाची. फळाची आशा धरू नको हे वाक्य एवढे वापरले गेले आहे की त्याची धार गेली आहे. ती परत आणायची तर अठराव्या अध्यायातली कर्माच्या पाच कारणांची यादी पाहावी : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि दैव. जे घडते ते या पाचांनी मिळून घडते. मीच एकटा सगळे घडवतो असे मानणाऱ्याला दिसतच नाही, असे तिथे म्हटले आहे. हिशेबनिसाने आपला कागद पुन्हा काढून प्रत्येक ओळीसमोर लिहावे की यातले माझ्या हातात किती. ठेवीदार घाबरून पैसे काढायला येतील का, अण्णांवर गुन्हा दाखल होईल का, गाव काय म्हणेल, यातले काहीच त्याच्या एकट्याच्या हातात नाही. सही मात्र त्याच्या हातात आहे. महिनाभर छातीवर बसलेला प्रश्न एवढ्यावर येतो.

निवड कशी पारखावी

पर्याय मोजके उरले की अठरावा अध्याय पारखायचे एक साधनही देतो. सुखाचे तीन प्रकार : आधी विषासारखे आणि शेवटी अमृतासारखे, ते सात्त्विक, आधी अमृतासारखे आणि शेवटी विष, ते राजस, आधीही आणि शेवटीही भूल घालणारे, झोप-आळस-बेपर्वाईतून आलेले, ते तामस. हिशेबनिसापुढचे पर्याय या तीन खान्यांत बसतात. सही केली तर आज सुटका आणि पुढच्या प्रत्येक ऑडिटला धाकधूक. ऑडिटच्या आठवड्यात आजारपणाची रजा टाकली तर तिसरा खाना. सही नाकारली तर आधी विष.

पण कडू ते सगळे सात्त्विक, असा उलटा हिशेब करू नये. सतराव्या अध्यायात शरीराला छळणाऱ्या, दंभाच्या तपाची निंदाच आहे. त्याच अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे येतात : बोलणे खरे असावे, प्रिय असावे, हिताचे असावे आणि ऐकणाऱ्याला डिवचणारे नसावे. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची गोष्ट आहे. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेला हा तपस्वी लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा लुटारूंना सांगून टाकतो. माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मजिज्ञासेचे एक अख्खे प्रकरण अशाच पेचांना दिले आहे. काय करायचे ठरले की कसे करायचे हा प्रश्न उरतोच. हिशेबनीस कदाचित आधी अण्णांकडेच जाईल, एकांतात सांगेल की ही सही माझ्याकडून होणार नाही, अजून वेळ आहे तोवर तुम्ही स्वतः संचालक मंडळापुढे प्रकरणे ठेवा. हेही स्वधर्मात बसते, आणि उपकारांची जाणही यात राखली जाते.

एवढे धैर्य नसले तर? बाराव्या अध्यायात कृष्ण उतरत्या पायऱ्या सांगतो : मन माझ्यात स्थिर कर, ते जमत नसेल तर अभ्यास कर, तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर, तेही जमत नसेल तर निदान फळ सोड. न जमणाऱ्यासाठी प्रत्येक वेळी खालची पायरी ठेवली आहे. आज तोंडाने बोलता येत नसेल तर खोट्या कागदाला हात न लावणे एवढे तरी जमते.

शेवटचा शब्द कोणाचा

अठराव्या अध्यायाच्या ६३व्या श्लोकात कृष्ण म्हणतो की हे सारे तुला सांगितले, आता याचा पुरता विचार कर आणि तुला इच्छा होईल तसे कर. त्यानंतर तो शरण येण्याबद्दल बोलतो, पण ही मोकळीक परत घेत नाही. शेवटी अर्जुनाला तो फक्त विचारतो की तू लक्ष देऊन ऐकलेस ना, तुझा मोह गेला ना. विश्वरूप दाखवून झालेले असतानाही निर्णय अर्जुनाकडे राहतो. म्हणून ‘गीतेत असे सांगितले आहे’ म्हणून निर्णयाची जबाबदारी पुस्तकावर ढकलता येत नाही. हिशेबनिसाने सही नाकारली तर ती त्याने नाकारली, आणि केली तर त्याने केली.

एकदा वाचून मन कायमचे स्थिर होते असेही नाही. युद्धाच्या १७व्या दिवशी याच अर्जुनाने युधिष्ठिराला मारायला तलवार उपसली होती. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याला ठार करीन अशी त्याची प्रतिज्ञा होती आणि युधिष्ठिर रागाच्या भरात तेच बोलून गेला होता. कौशिकाची गोष्ट कृष्ण सांगतो ती त्या वेळी. आणि युद्ध संपल्यावर, आश्वमेधिक पर्वात, अर्जुन सरळ कबूल करतो की तू तेव्हा जे सांगितलेस ते मी विसरलो. कृष्ण नाराज होतो, तेच तसेच पुन्हा सांगता येणार नाही म्हणतो आणि दुसऱ्या रीतीने सांगतो. ती अनुगीता. मनासाठी गीतेनेही अभ्यास आणि वैराग्य हेच उपाय सांगितले आहेत. आपल्याकडे रोजचा हरिपाठ किंवा रामदासांचे २०५ मनाचे श्लोक म्हणण्याची रीत पडली तीही याच गरजेतून.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. अर्जुनाची लक्षणे एका प्रहरातली होती. झोप, भूक आणि काम आठवडेच्या आठवडे बिघडले असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर आधी डॉक्टरकडे जावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी फिरवता येतो. औषध घेणे आणि गीता वाचणे यात विरोध नाही.

आणि सुरुवात पेचाच्या दिवशी करू नये. संस्कृत येत नसेल तर विनोबांची ‘गीताई’ घ्यावी, सोबत ‘गीता प्रवचने’. सवड असेल त्याने ज्ञानेश्वरीचा दुसरा आणि तिसरा अध्याय सावकाश वाचावा. ज्यांना विचारावे असे वाटते त्या माणसांकडेही काही काम नसताना जाऊन बसावे. कृष्ण आणि अर्जुन कुरुक्षेत्रावर पहिल्यांदा भेटले नव्हते. कितीतरी आधीपासून त्यांचे सख्य होते, म्हणून भर रणांगणात एकाला रडता आले आणि दुसऱ्याला स्पष्ट बोलता आले. ती ओळख आधीच झालेली असेल, तर पेच आल्यावर काय विचारायचे आणि कोणाला, एवढे तरी ठाऊक असते.